फॅमिली नेता येते का?

परदेशातल्या नोकरीची जाहिरात कन्हानमध्ये कोणी वाचून दाखवली, की पगाराच्या आकड्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. फॅमिली नेता येते का? विचारणारा बहुधा खाणकामगाराचा मुलगा किंवा नातू असतो. त्याच्या प्रश्नामागे या गावाचा स्वतःचा अनुभव उभा आहे.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागून नदी ओलांडली की कन्हान येतं. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कामठी, इंदर, गोंडेगाव या खाणींच्या आधाराने हे गाव वाढलं. छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून, आंध्रातून माणसं इथे कामाला आली. पुष्कळ जण आधी एकटेच आले. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, नोकऱ्या पक्क्या झाल्या, क्वार्टर मिळाली आणि गावाकडून बायका-मुलं आली. कामगाराच्या नोंदीत त्यांची नावं चढली आणि कंपनीचा दवाखाना त्यांनाही लागू झाला. कामावर असताना कामगार दगावला तर आश्रिताला नोकरी, ही तरतूद राष्ट्रीय कोळसा वेतन करारात आली. म्हणजे कामगाराबरोबर त्याचं घरही नोकरीच्या कागदावर लिहिलेलं होतं.

आता खाणीतली बरीच कामं ठेकेदारांकडे गेली आहेत आणि पक्की भरती आटली आहे. पोरं आयटीआय करून, नर्सिंग करून, इंजिनियर होऊन बाहेर बघतात. नागपूर विमानतळावरून शारजाला थेट विमान आहे. पण तिकडच्या नोकरीच्या कागदावर बहुतेक वेळा एकट्याचंच नाव असतं. घरच्यांना न्यायचं तर वेगळा अर्ज, वेगळी अट, वेगळा खर्च. देशोदेशीच्या या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट बहुतेक ठिकाणी दिसते: बायको-मुलांसोबत राहण्याचा हक्क पगाराला बांधलेला आहे. ज्याचा पगार कमी, त्याने घरच्यांपासून दूर राहावं, हे कायद्यानेच ठरवून टाकलं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि का वाटतं ते नुसत्या नियमांवरूनही कळेल.

आखातापासून सुरुवात करू, कारण कमी शिकलेल्या आणि हाताने काम करणाऱ्या माणसासाठी परदेश म्हणजे अजूनही आखातच. संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी कोणत्या हुद्द्याचा माणूस कुटुंब आणू शकतो याची यादी असे. २०१९ मध्ये ती काढून फक्त उत्पन्न बघायचं ठरलं. महिन्याला ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय. रुपयांत ४,००० दिरहम म्हणजे नव्वद हजारांच्या आसपास. हुद्द्याची अट गेली हे चांगलंच झालं. पण वेल्डर, फिटर, हेल्पर, ड्रायव्हर यांचा पगार बहुतेक वेळा या रेषेच्या बराच खाली असतो. शिवाय कुटुंब आणायचं तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि लेबर कॅम्पातल्या खाटेचा भाडेकरार होत नाही. कतारमध्ये हीच रेषा बराच काळ १०,००० रियालला होती.

कुवेतने तर दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं याचा काही नेमच ठेवला नाही. तिथल्या कुटुंब-व्हिसाला लोक कलमाच्या आकड्यावरून ‘बावीस नंबर’ म्हणतात. तो बराच काळ बंद राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये उघडला तेव्हा अट होती ८०० दिनार पगार, वर विद्यापीठाची पदवी, आणि काम त्या पदवीला जुळणारं. पदवीची अट त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतली, ८०० दिनारची कायम ठेवली. या दोन निर्णयांच्या मधे, १२ जून २०२४ च्या पहाटे, कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या एका इमारतीला आग लागली. ४५ भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने कोचीला आले. त्यात बहुसंख्य केरळचे होते, महाराष्ट्रातला एक. ती इमारत म्हणजे कंपनीने एकट्या पुरुषांना दाटीवाटीने ठेवलेली जागा होती. आगीची चौकशी झाली, इमारतींची तपासणी झाली. मात्र एकट्या पुरुषांनी भरलेल्या अशा इमारती मुळात का उभ्या राहतात याचं एक मोठं कारण व्हिसाच्या नियमात आहे. ज्याला बायको-मुलं आणता येत नाहीत, त्याला घर लागत नाही, खाट लागते. मालकाला खाट स्वस्त पडते.

सौदी अरेबियाची तऱ्हा वेगळी. तिथे बऱ्याच भारतीयांनी रीतसर कुटुंबं नेली होती, मुलं तिथल्या भारतीय शाळांत शिकत होती. जुलै २०१७ पासून सरकारने घरातल्या प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल फी लावली आणि ती दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेली. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १,२०० रियाल, तेही इकामाचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण करताना वर्षभराचे एकदम. कोणालाही हाकललं नाही, कोणाचा व्हिसा रद्द केला नाही. तरी हजारो बायका-मुलं परत आली आणि पुरुष पुन्हा खोलीत सात-आठ जणांत राहायला गेले.

माणशी कर लावून कुटुंबं हलवायची ही पद्धत नवी नाही, आणि तिचा इतिहास आपल्याशी जोडलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीने १८९५ मध्ये करार संपलेल्या भारतीय मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. पुढे तो त्यांच्या वयात आलेल्या मुलामुलींनाही लावला. एका घरात चार माणसं असली तर बारा पौंड. मजुराच्या मिळकतीतून एवढी रक्कम निघणं अशक्य होतं. मजुराने एक तर पुन्हा करारात अडकावं किंवा चंबूगबाळं आवरून भारतात परतावं, हाच त्या कराचा उद्देश होता. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले तेव्हा त्यांनी तिथल्या मंत्र्यांपुढे हा कर रद्द करण्याची मागणी ठेवली. आश्वासन मिळाल्याचं सांगत ते परतले आणि सरकारने ते पाळलं नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी जे घडलं ते कुटुंब-व्हिसाच्या प्रश्नाचं मूळ आहे असं मी मानतो. हसन इसप हा भारतीय तिकडे कामाला होता. त्याची बायको बाई मरियम हिला बंदरावर उतरू दिलं नाही. प्रकरण केप प्रांताच्या न्यायालयात गेलं आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न लागलेलं आणि सरकारदरबारी न नोंदलेलं लग्न या देशात लग्न धरता येणार नाही. एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्या बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. गांधींच्या तिथल्या लढ्यात तोवर बायका तुरुंगात गेल्या नव्हत्या. या निकालानंतर गेल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांना अटक झाली आणि तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. खाणींतले आणि उसाच्या मळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले. गोखल्यांनी इकडे भारतात त्यांच्यासाठी पैसा उभा केला. १९१४ च्या इंडियन रिलीफ अ‍ॅक्टने तीन पौंडांचा कर रद्द केला आणि भारतीय धर्मपद्धतीने झालेल्या लग्नातली एक बायको मान्य केली. लग्नाचा दाखला आणि माणशी फी या दोन्ही अडचणींवर शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी तुरुंगवास भोगून उत्तर मिळवलं होतं. आज त्याच दोन अडचणी नव्या नावांनी उभ्या आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध कोणी एक शब्द बोलत नाही.

दक्षिण आफ्रिकेबाहेरही असंच घडलं. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशातून थेट, सलग प्रवास करूनच येण्याची अट घालून भारतीयांचा रस्ता अडवला, तेव्हा तिथे आधीच असलेल्या पंजाबी कामगारांच्या बायकाही अडकल्या. ती वाट १९१९ मध्ये मोकळी झाली. ब्रिटनमध्ये १९६२ च्या कायद्यानंतर कामगाराला परवाना लागू लागला, पण आधी आलेल्यांच्या बायका-मुलांना येता येत होतं. म्हणून मग संशय बायकांवर वळला. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली. तिचं लग्न खरंच व्हायचं आहे की ती आधीच कोणाची बायको आहे, हे ‘तपासायचं’ होतं. बातमी फुटल्यावर भारत सरकारने निषेध केला आणि चाचणी बंद झाली. पुढे बाहेर आलेल्या सरकारी कागदांतून दिसलं की अशा तपासण्या किमान ८० बायकांच्या झाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा भारतातच, व्हिसाच्या कचेरीत. व्हिसा अधिकाऱ्यासमोर आपलं लग्न सिद्ध करत बसणारी स्त्री किती असहाय असते, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

आजच्या ब्रिटनमध्ये शरीराची तपासणी नाही, आकड्यांची आहे. देशात स्थायिक झालेल्या माणसाला बाहेरून जोडीदार आणायचा तर २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्न दाखवावं लागे. एप्रिल २०२४ मध्ये ती रेषा २९,००० पौंडांवर गेली. व्हिसावर काम करणाऱ्यांचं आणखी अवघड झालं. कोविडनंतर ब्रिटनला वृद्धांची सेवा करायला माणसं हवी होती, तेव्हा केअर वर्करचा व्हिसा सोपा केला. आपल्याकडच्या नर्सिंग झालेल्या मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी कर्ज काढून एजंटांना पैसे मोजले. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करना नवरा आणि मुलं नेण्याची बंदी झाली. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरतीच थांबली. विद्यार्थ्यांचंही तेच: जानेवारी २०२४ पासून संशोधनाचा अभ्यासक्रम सोडला तर जोडीदाराला सोबत नेता येत नाही. परक्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या, त्यांना जेवू घालणाऱ्या बाईला स्वतःचं पोर जवळ ठेवता येऊ नये, हा निर्णय कोणत्या हिशेबाने योग्य ठरतो ते मला समजत नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. तिथे कुटुंब जाऊ शकतं. नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजातून निघून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेला मुलगा बायकोला एच-फोर या अवलंबित व्हिसावर नेतो. अडचण पोचल्यावर सुरू होते. एच-फोरवरच्या जोडीदाराला काम करण्याचा हक्क नव्हता. मे २०१५ पासून तो मिळाला, पण फक्त ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला आहे त्यांना. त्याविरुद्ध तिथल्या संगणक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने दहा वर्षं खटला चालवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे ही टांगती तलवार हटली. दरम्यान शिकलेल्या किती मुलींची ऐन उमेदीची वर्षं घरात बसून गेली. ग्रीन कार्डांपैकी एका देशाला साधारण सात टक्केच, हा नियम भारतीयांना दशकाहून जास्त रांगेत ठेवतो. या रांगेत असतानाच मुलगा-मुलगी २१ वर्षांची झाली की ती आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. अमेरिकेतच शाळा शिकलेल्या पोरांना मग स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो, नाही तर ज्या देशाची त्यांना नीट ओळखही नाही त्या देशात परतावं लागतं.

अवलंबित व्हिसाचा खरा अर्थ फेब्रुवारी २०१७ मध्ये उघडा पडला. कॅन्सस राज्यातल्या ओलेथा इथे श्रीनिवास कुचिभोटला या भारतीय इंजिनियरची वंशद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. नवरा गेला त्या क्षणी त्याच्या पत्नीचा, सुनयना दुमाला यांचा, अमेरिकेत राहण्याचा आधारही गेला. अंत्यसंस्कारासाठी भारतात आल्यावर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती. एका लोकप्रतिनिधीने मधे पडून त्यांना तात्पुरता परवाना मिळवून दिला. देशभर गाजलेलं प्रकरण होतं म्हणून हे झालं. नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला व्हिसा नोकरी गेली तर जातो, नवरा वारला तर जातो, आणि नवरा मारझोड करत असेल तर तो जाऊ नये म्हणून बाई गप्प राहते. परदेशात नेऊन टाकून दिलेल्या किंवा लग्न करून इथेच सोडलेल्या बायकांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंद सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत आलं. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या २८७ व्या अहवालात व्यापक कायद्याची शिफारस केली. कायदा अजून झालेला नाही.

जपान कन्हान-कामठीला परका नाही. शेजारच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ मध्ये उभं राहिलं, आणि जपानी भिक्खू-पाहुणे इथल्या लोकांनी जवळून पाहिले आहेत. त्या देशात म्हातारी माणसं वाढत आहेत, काम करणारे हात कमी पडत आहेत. २०१९ पासून त्यांनी ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसा काढला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्यासाठी करार केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात नेता येतं. त्याआधी प्रशिक्षणार्थी म्हणून गेलेला मुलगा दोन्ही मिळून दहा वर्षं एकटा राहू शकतो. केअरगिव्हरच्या कामाला दुसरा टप्पाच ठेवलेला नाही. तिथे जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा पास होऊन वेगळा दर्जा मिळवला तरच नवरा-मुलं येतात. इथल्या मुला-मुलींना हे आधी कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. विसाव्या वर्षी गेलेला मुलगा तिशीला येईपर्यंत एकटा, हा साधा निर्णय नव्हे. सिंगापूरमध्ये बांधकामावरच्या वर्क परमिटवाल्याला कुटुंब आणण्याची सोय कोणत्याच टप्प्यावर नाही. तिथे ६,००० सिंगापूर डॉलर पगारापासून पुढच्यांना ती आहे.

या सगळ्यांत जर्मनीचे नियम मला माणसाच्या सर्वांत जवळचे वाटतात, आणि योगायोगाने महाराष्ट्र सरकारचा स्वतःचा करार जर्मनीच्याच एका राज्याशी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी झालेल्या या करारात १०,००० कुशल तरुण पाठवण्याचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, म्हणजे कन्हानच्या घराघरात सापडणारी कौशल्यं. जर्मनीत कुशल कामगाराच्या जोडीदाराला येताच कोणतंही काम करण्याची मोकळीक आहे. मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना घराच्या क्षेत्रफळाचा पुरावा देण्याची अट जोडीदार आणि मुलांसाठी काढून टाकली. त्या तारखेनंतर नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणि सासूसासरेही नेता येतात, मात्र त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा स्वतः उचलायचा. त्यांचा विमा महाग पडतो, तरी दार उघडं आहे. अमेरिकेत आईवडील बाळंतपणाला सहा महिने पाहुणे म्हणून जातात, कॅनडात सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहतात. तेवढं सोडलं तर म्हातारे आईवडील हा प्रश्न बहुतेक देशांनी हिशेबातच धरलेला नाही. आपल्याकडे कुटुंब म्हटलं की आई-वडील त्यात आधी येतात. व्हिसाच्या फॉर्मवर कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि अजून न कमावणारी मुलं.

पण जर्मनीच्या या चांगल्या नियमांत एक खोच आहे, आणि ती थेट आपल्या दाखल्यांपर्यंत येते. परदेशात दाखला चालावा म्हणून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का घेतात. हा शिक्का मान्य करणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आत आले, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांचे दूतावासाचे हेलपाटे वाचले. अमिरात त्यात नाही, म्हणून दुबईसाठी दूतावासाची मोहोर लागतेच. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदवली आहे. आपल्याकडच्या दाखल्यांवर त्यांचा विश्वास नाही. त्यामुळे तिथल्या कचेऱ्या गरज वाटली तर लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्याची पडताळणी त्यांनी नेमलेल्या माणसांकडून गावात करून घेतात. त्यात महिने जातात आणि खर्च अर्जदाराच्या डोक्यावर.

अविश्वास चुकीचा आहे असं ठामपणे म्हणावं, तर आपल्या दाखल्यांची अवस्था आड येते. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची, तीन साक्षीदार, भटजी-भंते-काझी यांची सही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार खटल्यात सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करायला सांगितलं. तरी गावोगाव नोंद होते ती व्हिसाची वेळ आल्यावर, लग्नानंतर पाच-सात वर्षांनी. उशिरा केलेली नोंद बेकायदा नाही. पण तारखांमधलं अंतर बघून व्हिसा अधिकारी थांबतो, आणि शंका येण्याला त्याला तेवढं पुरतं. कन्हान-पिपरी नगर परिषद होण्याआधी इथे ग्रामपंचायत होती. जुन्या नोंदी एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात आल्या. ज्याचा दाखला ग्रामसेवकाच्या सहीचा आहे त्याने तो आता नगर परिषदेकडून नव्याने, संगणकीय प्रतीत काढून ठेवावा.

याहून मोठा घोळ नावांचा. आपल्याकडे बाईचं नाव लग्नात दोन ठिकाणी बदलतं, मधलं आणि शेवटचं. काही घरांत पहिलंही. टीसीवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, लग्नपत्रिकेत घरचं लाडाचं, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नुसतं पहिलं नाव. इथे हे सगळं एकाच बाईचं आहे हे अख्खा मोहल्ला सांगेल. परदेशी कचेरीच्या लेखी ती चार बायका असतात. कामठीच्या काही वस्त्यांत आडनाव न लावणारी माणसं आहेत. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा असे प्रवासी विमानतळावरून माघारी फिरले. काही बौद्ध घरांत मधल्या एखाद्या पिढीत आडनाव बदललेलं असतं आणि बापाचं व मुलाचं आडनाव जुळत नाही. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून लग्नाचा दाखला सक्तीचा नाही, आणि ही सोय चांगली आहे. तिचा तोटा इतकाच, की पासपोर्ट हाती आला म्हणजे कागद पूर्ण झाले असा लोकांचा समज होतो. परदेशी कचेरी दाखला मागतेच. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो, शाळेचा कागद चालत नाही. त्यामुळे दवाखान्यातून मिळालेल्या जन्मदाखल्यावर आईचं पूर्ण नाव तिच्या पासपोर्टप्रमाणे आहे का, हे तिथल्या तिथे बघून घ्यावं. नंतर दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात यांत सहा-आठ महिने सहज जातात.

हे सगळे हेलपाटे कोण घालतं? नवरा तिकडे असतो. नगर परिषद, तहसील, नागपूरचं पासपोर्ट ऑफिस, मुंबईतली वकिलात, सगळीकडे बाई जाते, कडेवर पोर घेऊन, सासऱ्याला किंवा भावाला सोबत घेऊन. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, दुसऱ्या दिवशी वांद्र्याला पोचायचं, पाच मिनिटांत प्रश्न संपतात. कुटुंब-व्हिसावर लिहिणारे अर्जदार म्हणून नवऱ्याचा विचार करतात. खरी अर्जदार ही बाई आहे, आणि तिच्यासाठी नागपुरात एकही सरकारी मदत-खिडकी मला दिसत नाही जिथे तिला परदेशी कागद समोर ठेवून काय कमी आहे ते विचारता येईल. ती एजंटकडे जाते आणि एजंट सांगेल ते पैसे देते.

आंतरराष्ट्रीय कायद्यात कुटुंबाची बाजू लिहिलेली आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं सोळावं कलम कुटुंबाला समाजाचा मूळ घटक म्हणून संरक्षण देतं. स्थलांतरित कामगारांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार चव्वेचाळिसाव्या कलमात कुटुंब एकत्र आणण्याची सोय करावी असं सांगतो. २००३ पासून तो अमलात आहे. कामगार बोलावणाऱ्या श्रीमंत देशांनी त्यावर सही केली नाही, आखाती देशांनी केली नाही. भारतानेही केलेली नाही. ज्या देशाचे सर्वांत जास्त लोक बाहेर काम करतात त्याने या करारापासून दूर राहणं मला मुळीच पटत नाही. आपण स्वतः सही केली नसेल तर कुवेतशी किंवा ब्रिटनशी बोलताना कोणत्या तोंडाने बोलणार?

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही विचारात घ्यायला हवं. यजमान देश सांगतात की शाळा, दवाखाने, घरं यांवर ताण येतो, तात्पुरता कामगार कायमचा होतो. छोट्या आखाती देशांत परदेशी माणसं स्थानिकांपेक्षा जास्त आहेत, त्यांची भीती पूर्ण खोटी नाही. पण याच देशांना पन्नास वर्षं सलग कामगार लागले आहेत. माणसं बदलतात, काम तात्पुरतं राहिलेलं नाही. आणि ताण हेच कारण असेल तर तो जास्त पगारवाल्याच्या मुलांमुळेही येतो. जास्त पगारवाल्याला परवानगी आणि कमी पगारवाल्याला मनाई, याचं उत्तर ताणात सापडत नाही. कमी पगारावर माणूस ठेवायचा असेल तर त्याचं घर परदेशात उभं राहू न देणं मालकाला परवडतं, हे खरं उत्तर आहे.

भारताचा १९८३ चा उत्प्रवासन कायदा जाऊन नवा कायदा येण्याची तयारी आहे, त्याचा मसुदा २०२५ मध्ये लोकांपुढे आला. भरती एजंट, विमा, तक्रारी यांवर त्यात बोललं जातंय आणि ते गरजेचंच आहे. त्याच वेळी प्रत्येक देशाशी होणाऱ्या कामगार करारात कुटुंबाविषयी एक कलम असावं, अशी मागणी महाराष्ट्राने दिल्लीकडे करायला हवी: ठरावीक वर्षांनंतर जोडीदार व मुलांना नेण्याचा हक्क, आणि तोवर वर्षातून एकदा भरपगारी रजा व भाडं. माणशी फीला विरोध हा त्याच कलमाचा भाग असावा. राज्याच्या हातात आणखी एक गोष्ट आजच आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या करारात कितीजण गेले याचा आकडा सरकार सांगेलच. त्याबरोबर त्यातल्या कितीजणांचे जोडीदार आणि मुलं तिकडे पोचली, आणि दाखल्यांच्या पडताळणीत किती अडकली, हा आकडाही दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा.